पिकवलेले घड्याळ

आमच्या घरात सध्या हाताला बांधायची दोन घड्याळे आहेत. एक पन्नास वर्षांहून जुने आहे आणि काल दुकानातून आणल्यासारखे दिसते. दुसरे गेल्या दसऱ्याला आले आणि दोन पिढ्यांनी वापरून खाली ठेवल्यासारखे दिसते. पहिल्याच्या तारुण्याला मी कारणीभूत आहे. दुसऱ्याचे म्हातारपण परदेशातल्या एका कारखान्यात तयार झाले, आणि तिथे जे काही उणे राहिले ते आईने नेलपॉलिशच्या बाटलीने पुरे केले.

जुने घड्याळ बाबांचे. माझा मामा मालवाहू जहाजावर खलाशी होता. आईबाबांच्या लग्नात त्याने अंगठीऐवजी कुठल्याशा बंदरातून आणलेले हे घड्याळ बाबांच्या मनगटावर चढवले. काळ्या तबकडीत आणखी तीन लहान तबकड्या, आणि उजव्या कडेला चावीच्या वर एक आणि खाली एक अशी दोन बटणे. वरचे बटण दाबले की एक लांब, बारीक काटा धावू लागे, पुन्हा दाबले की जागच्या जागी थांबे. खालचे दाबले की शिक्षा झालेल्या मुलासारखा मुकाट बाराच्या जागी परत येई. लहान तबकड्यांपैकी डावीकडची नेहमीचे सेकंद दाखवायची. उजवीकडची, धावत्या काट्याने किती मिनिटे पळून झाली ते मोजायची, तिसापर्यंत. खालची तासांची होती. तिला आमच्या घरात कधी काम मिळाले नाही.

बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते. दिवेआगरच्या अलीकडे, नारळी-पोफळीच्या वाड्यांमधल्या आमच्या गावात त्यांना सगळे मास्तर म्हणतात. पण त्यांची खरी ओळख कबड्डीच्या मैदानावरची. पंच दुसरे असत, वेळ बाबांची असे. कबड्डीचा अर्धा डाव वीस मिनिटांचा. म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी आईने त्या उजवीकडच्या लहान तबकडीच्या विसाव्या रेघेवर, काचेच्या बाहेरून, आपल्या नेलपॉलिशचा एक लाल ठिपका लावून दिला होता. तो झिजला की ती पुन्हा लावी. लहान काटा ठिपक्याखाली शिरला की बाबा शिट्टी वाजवत, आमच्याकडच्या नियमाने चालू चढाईही तिथेच संपे, आणि ती वाजली की दोन्ही गावांचे आवाज एकदम बंद होत. इतक्या वर्षांत त्या शिट्टीवर कुणी हरकत घेतली नव्हती.

गावच्या क्रीडामंडळाने मागच्या वर्षी विजेवर चालणारा आकड्यांचा बोर्ड आणला. बाबांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला होता आणि दिवाळीनंतर ऑपरेशन ठरले होते. तेव्हा सर्वांनी मिळून ठरवले, की दसऱ्याच्या अंतिम सामन्याची वेळ मास्तरांनी राखायची, आणि तो त्यांचा शेवटचा सामना. शेवटची शिट्टीही आधीच्या सगळ्या शिट्ट्यांसारखी बिनहरकत जावी, अशी बाबांची इच्छा होती. ती त्यांनी एकदाही बोलून दाखवली नाही. आमच्या घरात न बोललेली इच्छा फार मोठी मानतात.

सामन्याच्या तीन आठवडे आधी घड्याळाचे वरचे बटण अडकू लागले. मी शिकवते त्या कॉलेजातून रजा काढून घरी आले होते. बाबांनी घड्याळ रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, “तालुक्याला घड्याळवाल्या चाचांकडे दे. फक्त बटण बघायला सांग.”

आता त्या घड्याळाचा रंग सांगायला हवा. तबकडी मुळात काळी होती, पण चाळीस-पन्नास उन्हाळे, मैदानाची धूळ आणि खारा वारा पिऊन तिचा काळा उतरत गेला होता. मधोमध भाजलेल्या सुपारीचा तपकिरी, कडेला जुन्या गुळाचा. आकड्यांवरचे रेडियम कधीच विझले होते आणि साईसारखे पिवळसर पडले होते. काचेवर इतके ओरखडे, की तिच्यातून वेळ पाहणे म्हणजे वाहत्या पाण्यातून तळाचा दगड पाहणे. त्याला वासही होता. घाम, खोबरेल आणि पट्ट्याचे भिजून वाळलेले चामडे. लहानपणी मी तापाने फणफणले की बाबा ते माझ्या उशीखाली ठेवत. आत कुणीतरी वाळल्या सुपारीवर अडकित्ता हलकेच टेकवत आहे, असा त्याच्या टिकटिकीचा आवाज होता.

हे सगळे मला ठाऊक होते, आणि तरी मी चूक केली. ती चूक मला वाटते आमच्याकडचेच माणूस करू शकते. आमच्या घरी खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. पोफळीवर चढायचा दोर, कोयता, अडकित्ता, बाबांची शिट्टी आणि घड्याळ, सगळे पाटावर मांडले जाते. पाटावर काळवंडलेली वस्तू ठेवायची नाही, हा आईचा नियम. आठवडाभर आधीपासून घरात चिंचेचा आणि राखेचा वास सुटतो, आणि जे हाती लागेल ते घासले जाते. “पुजायचं ते आधी घासायचं,” असे ती म्हणते, आणि मी हे वाक्य इतक्या लहानपणी ऐकले आहे की ते माझ्या हाडांत मुरले आहे. म्हणून चाचांच्या टेबलावर घड्याळ ठेवताना मी बटणाबद्दल सांगितले आणि वर आपल्या मनाने जोडले, “चाचा, नवमीला पूजेत ठेवायचंय. जरा उजळून द्या.”

चाचांनी डोळ्याला भिंग लावले, घड्याळ पाहिले, मग मला पाहिले. “उजळून? पक्का, बेटी?”

“पक्का.”

“बघा हां. मग चाचाला बोल लावायचा नाही.”

दोन आठवड्यांनी त्यांनी घड्याळ समोर ठेवले. चाचांनी तबकडी मुंबईच्या एका कारागिराकडून नव्याने रंगवून आणली होती. काजळासारखी काळी, चकचकीत, आणि वर निवडणुकीच्या भिंतीवर असतात तसे ठसठशीत पांढरे आकडे. काटे नवे, काच नवी, पोलाद घासून आरशासारखे. बाबांच्या सगळ्या उन्हाळ्यांतला एकही शिल्लक नव्हता. लाल ठिपकाही जुन्या काचेबरोबर गेला होता. “एकदम शोरूम,” असे म्हणत चाचांनी कागदाची एक पुडी माझ्या हातात दिली. “जुना माल. काच, काटे. आमच्याकडे गिऱ्हाइकाची चीज गिऱ्हाइकाला परत.”

मी घरी येऊन बाबांना सांगितले की चाचांचे काम अजून झालेले नाही. बाबा म्हणाले, “असू दे. चाचा घाई करत नाहीत.” त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलल्यासारखे वाटले, पण मी त्याचा अर्थ काळजी असा लावला. घड्याळ मी तांदळाच्या डब्यात खोल पुरले.

अष्टमीच्या दुपारी माझा मोठा भाऊ आला. दादा न्हावा शेव्याला बंदरावर काम करतो. दिवसभर कंटेनर कुठून कुठे जातील ते बघतो आणि उरलेल्या वेळात जुन्या घड्याळांची चित्रे बघतो. त्याने पिशवीतून एक मोठा लाकडी डबा काढला, मला पोफळीच्या वाडीत ओढत नेले आणि झाकण उघडले. आत बाबांचे घड्याळ होते.

म्हणजे, मला क्षणभर तसेच वाटले. तोच सुपारीचा तपकिरी, कडेला तोच गूळ, आकड्यांवर तीच साय. चामड्याचा पट्टाही कडांना झिजवलेला.

“ज्यांनी मूळ बनवलं, त्याच कंपनीनं आता पुन्हा काढलंय,” दादा म्हणाला. त्याच्या आवाजात देवळात बोलल्यासारखी हळुवार लय आली होती. “बाबांच्या पंच्याहत्तरीची भेट. आता ऐक. जुनी घड्याळं उन्हानं अशी तपकिरी पडतात, आणि जगभरातले शौकीन त्या रंगासाठी जीव टाकतात. म्हणून यांनी तबकडी तपकिरीच बनवली. रेडियम नवं आहे, पण त्यात पिवळा रंग घातलाय, म्हातारं दिसावं म्हणून. आकार जुन्याइतकाच लहान ठेवला, हल्लीसारखं ताटाएवढं केलं नाही. तारखेची खिडकी पाडली नाही, यासाठी तर त्यांच्या पाया पडावंसं वाटतं. काच जुन्यासारखीच फुगीर, पण नीलमण्याची. आतलं यंत्र मात्र नवं, हाताच्या हालचालीनं आपोआप चावी बसते. त्यामुळे आतल्या दोन तबकड्यांची जरा…”

पुढचे मी ऐकले नाही. मला हसू फुटले होते आणि ते आवरत नव्हते. मी कविता लिहिते, आणि तरुणपणी मीही हेच केले आहे. कालची कविता परवाची वाटावी म्हणून तिच्यात दोन-चार जीर्ण शब्द मुद्दाम पेरायचे, ओवीचा एखादा चरण हाताने झिजवायचा, आणि वाचकाने ‘किती जुनी जाण!’ म्हणावे याची वाट पाहायची. एवढ्या मोठ्या कारखान्याला माझीच लबाडी सुचली, याचा मला अभिमान वाटला.

“म्हणजे दादा, ज्याचं अजून काही झालेलं नाही, त्याच्या आठवणी आधीच काढून ठेवल्यात?”

“तू थट्टा कर. आण बाबांचं घड्याळ, शेजारी ठेवून फोटो काढू.”

मग मला तांदळाचा डबा उघडावा लागला.

दादाने घड्याळ पाहिले. ते उलटे केले, सुलटे केले, आणि वाडीतल्या दगडावर मटकन बसला. “हे काय केलंस तू? अगं, माणसं जे मिळवायला जग पालथं घालतात, ते तू खरवडून टाकलंस! चिंच लावून घासलंस काय?”

“जवळजवळ.”

“आणि बाबा? उद्या पूजा. परवा सामना. त्यांना काय सांगणार?”

तेव्हा तो विचार आमच्या दोघांच्याही मनात एकदम आला. दोघेही डब्यातल्या नव्या घड्याळाकडे पाहू लागलो. लहानपणी शेजारच्या वाडीतले जाम पाडण्यापूर्वी आम्ही असेच एकमेकांकडे न पाहता एकाच दिशेने पाहत असू.

“त्यांना दिसतं कितीसं,” मी म्हटले.

“ही भेट होती. फसवणूक नव्हे,” दादा म्हणाला, पण डबा त्याने बंद केला नाही.

“कसली भेट?” मागून आईचा आवाज आला. ती झावळ्या गोळा करायला आली होती, आणि आईला कुठल्याही गुन्ह्याचा वास राखेच्या वासाइतका लवकर येतो. तिला सगळे सांगावे लागले. आम्ही बोलणी खाण्याच्या तयारीने उभे होतो. तिने दोन्ही घड्याळे दोन तळव्यांवर घेतली, वांगी निवडावीत तशी तोलली आणि म्हणाली, “हे फार गुळगुळीत आहे. ओळखतील. आण इकडे.”

पुढची दहा मिनिटे दादाने कशी काढली ते तोच जाणे. आईने नव्या घड्याळाच्या काचेवर राख टाकली आणि काथ्याने घासायला सुरुवात केली.

“आई! आई, अगं हळू!”

“ओरडू नकोस. वर वाडीत माणसं चढलीत.” ती घासत राहिली. मग काच पदराने पुसून उन्हात धरली. एकही ओरखडा नव्हता. तिने पुन्हा घासले, या वेळी वाळूने. काच जशीच्या तशी. आईच्या चेहऱ्यावर प्रथमच त्या वस्तूबद्दल आदर उमटला. “याची भांडी का रे नाही करत कोणी?”

शेवटी तिने ओरखड्यांचा नाद सोडला, घरातून नेलपॉलिशची बाटली आणली, आणि आपल्या लग्नाएवढ्या जुन्या सवयीने, उजवीकडच्या लहान तबकडीवर, नेमक्या जागी, लाल ठिपका लावला. दादाने डोळे मिटून घेतले होते. मला वाटते तो प्रार्थना करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवघराच्या अंधारात पाट मांडला. कोयता, अडकित्ता, दोर, शिट्टी, आणि मधोमध घड्याळ. बाबा सोवळे नेसून बसले आणि गंध लावायला वाकले. तेवढ्यात मी पाहिले. समईच्या उजेडात ठेवलेले ते घड्याळ बाबांच्या सावलीत येताच मंद हिरवे चमकू लागले होते. दिसायला म्हातारे असलेले ते रेडियम आतून अगदी ताजे होते.

“अरे,” बाबा म्हणाले, “याच्यात अजून जीव आहे!”

“अहो, समईची झाक असेल,” म्हणत आईने झेंडूचे एक मोठे फूल घड्याळावर ठेवले.

पूजा झाल्यावर बाबांनी घड्याळ कानाशी नेले. जुन्याचा तो अडकित्त्याचा ठोका या नव्यात कुठून असणार? हे भरभर चालत होते, ओल्या वाळूवर खेकडे पळतात तसे. बाबांनी बराच वेळ ऐकले. “आज जरा घाईत दिसतंय.”

“वय झालं,” आई म्हणाली. “धाप लागते.”

बाबांनी मान डोलावली, ते डाव्या मनगटावर बांधले आणि दोन पेढे मागितले.

दसऱ्याला उन्हे कलताना सामना सुरू झाला. मैदानाभोवती आमचे गाव एका बाजूला, खाडीपलीकडचे दुसऱ्या बाजूला. मी वेळेच्या टेबलाशी बाबांशेजारी बसले, कारण त्यांना आकडे वाचून दाखवायला कुणीतरी हवे असे मंडळाच्या सेक्रेटरीने ठरवले होते. दादा समोर प्रेक्षकांत. टेबलावर पांढरी चादर अंथरली होती. बोर्डावर लाल आकडे पळत होते, त्यामुळे पूर्वार्धात मला काळजी नव्हती. बाबा मान खाली घालून, डावा हात टेबलावर आणि उजवा हात चादरीखाली मांडीवर ठेवून बसले होते. तो हात थरथरत असेल आणि त्यांना तो दाखवायचा नसेल, असे माझ्या मनात आले, आणि मी दुसरीकडे पाहिले.

उत्तरार्धाचा पहिला पुकारा झाला. बाबांनी उजवा हात सावकाश वर आणला आणि मनगटावरचे बटण दाबले. दोन-तीन सेकंद उशिरा. मी माझ्या आयुष्यात बाबांना उशीर झालेला पाहिला नव्हता. हात पुन्हा चादरीखाली गेला. आणि त्याच मिनिटाला उसाच्या रसाच्या गाडीवाल्याने आपले यंत्र बोर्डाच्याच वायरीला जोडले, काहीतरी फाटकन् झाले, आणि बोर्ड काळा पडला.

सेक्रेटरी धावत आला. “मास्तर, बोर्ड ग्येला. आता तुमी म्हनाल ती येळ. तुमचं घड्याल हाय ना चालू?”

“आहे,” बाबा म्हणाले.

मी ठिपक्याकडे पाहिले. ठिपक्याखालून लहान काटा जात होता. उत्तरार्ध सुरू होऊन मिनिटही झाले नव्हते. मी डोळे चोळले. काटा पुढे गेला, फेरी पुरी केली, आणि पुन्हा ठिपक्याखाली आला. आणि दादाने वाडीत अर्धवट सोडलेले वाक्य मला तेव्हा पुरे ऐकू आले. नव्या यंत्रामुळे तबकड्यांची अदलाबदल झाली होती. मिनिटे मोजणारी तबकडी डावीकडे गेली होती, आणि आईने ठिपका लावलेल्या उजवीकडच्या तबकडीवर साधे सेकंद पळत होते. बाबांची वीस मिनिटे आता दर मिनिटाला पूर्ण होत होती.

मी समोर पाहिले. दादालाही त्याच क्षणी ते आठवले असावे. तो उभा राहून डावा हात हवेत नाचवत होता. उजवीकडे बोट, मग नको-नको अशी खूण, मग डावीकडे बोट. खाडीपलीकडच्या पाठीराख्यांना वाटले तो आमच्या खेळाडूंना काही डाव सांगतो आहे.

“ओ शेठ! बसा खाली! ह्ये बंदर न्हाय, इकडं क्रेन हलवायची न्हाय!”

मैदानभर हशा झाला. दादा बसला आणि पुन्हा उठला.

“बाबा,” मी त्यांच्या कानाशी कुजबुजले, “डावीकडची तबकडी बघा. मिनिटं डावीकडे आहेत.”

“गप्प. वेळ चाललीय.”

मधेच एका खेळाडूचा घोटा मुरगळला आणि पंचांनी खेळ थांबवला. बाबांनी मनगटावरच्या बटणाला हातही लावला नाही. “बाबा, थांबवा ना!” ते मान खाली घालूनच बसले होते. खेळ पुन्हा सुरू झाला. मनगटावरचा लांब काटा तोवर बेफिकीरपणे पळून गेला होता, आणि आता त्या घड्याळातून खरी वेळ जगात कुणालाही काढता आली नसती. मला रडू येऊ लागले. इतक्या वर्षांच्या शिट्ट्या, आणि शेवटची माझ्या ‘उजळून द्या’पायी जाणार. सगळे उठून सांगावे, सामना थांबवावा, असे मी मनाशी तीनदा ठरवले आणि तिन्ही वेळा खुर्चीतच बसून राहिले.

एका गुणाने आमचे गाव पुढे होते. खाडीपलीकडचा चढाईपटू आमच्या अंगणात शिरला, त्याचा श्वास मला टेबलापर्यंत ऐकू येत होता. त्याने एकाला हूल दिली, दुसऱ्याकडे हात लांबवला.

बाबांनी शिट्टी वाजवली.

तो हात त्यानंतर आमच्या खेळाडूच्या खांद्याला लागला. मग पलीकडची बाजू उसळून उभी राहिली. “न्हाय! न्हाय! येळ न्हाय झाली!” पंच टेबलाकडे पाहू लागले. आणि तेव्हा खाडीपलीकडच्यांचा जुना प्रशिक्षक, पिकल्या दाढीचा, आपल्या लोकांना दोन्ही हातांनी मागे सारत पुढे आला. त्याच्या गळ्यात खेळाचे थांबघड्याळ होते. घोटा मुरगळला तेव्हा ते त्याने थांबवले होते, मी पाहिले होते. त्याने ते डोळ्यांपासून लांब धरले.

“येळ झाली,” तो आपल्या लोकांना म्हणाला. “मास्तर बराबर हायेत. वीसला वीस. गप बसा.”

आमचे गाव ओरडत मैदानात घुसले. त्या गदारोळात बाबांनी चादरीखालून उजवी मूठ वर काढली आणि माझ्यासमोर उघडली. काजळासारखी काळी, चकचकीत तबकडी, ठसठशीत पांढरे आकडे. पट्टा काढून टाकलेला. उजवीकडच्या लहान तबकडीवर, विसाव्या रेघेवर, ताजा लाल ठिपका, आणि काटा नेमका त्याच्याखाली थांबलेला.

“तुम्हाला… कधी कळलं?”

“तू उजळा म्हणालीस त्याच संध्याकाळी चाचांचा फोन आला. मुलगी असं म्हणते, करू का? म्हटलं, करा. आकडे चांगले पांढरे, जाडे करा. अगं, त्या तपकिरीत मला वर्षभर काही दिसत नव्हतं. बोललो नाही एवढंच.”

“आणि तांदळातून…”

“तांदूळ तुझी आई काढते.” ते घड्याळाला चावी देऊ लागले. “ठिपकाही तिनंच लावून दिला. तुमचा लावून झाल्यावर लगेच. बाटली उघडीच होती म्हणाली.”

“मग सांगितलं का नाही?”

“शाळेत कॉपी करणाऱ्याला मी कधी लगेच पकडलं नाही,” बाबा म्हणाले. “आधी त्याची मेहनत बघायचो.”

घरी सोने वाटून झाल्यावर दोन्ही घड्याळे ओट्यावर शेजारी ठेवली गेली, आणि दादाला अखेर त्याचा फोटो काढता आला. बाबांनी नवे घड्याळ नाकाजवळ नेले. “आढीत पिकलेला आंबा आणि पावडर मारून पिकवलेला आंबा, रंग दोघांचाही सारखाच असतो,” ते म्हणाले. “वास बघावा लागतो.”

“बाबा, त्याला वास यायला चाळीस वर्षं लागतील,” दादा दुखावून म्हणाला.

“मग कुणीतरी घाला की हाताला. पाटावर ठेवून कसा येईल?” आणि त्यांनी ते माझ्या मनगटावर बांधले. दादाने माझ्याकडे जे पाहिले, ते मी इथे लिहीत नाही.

दिवाळीनंतर बाबांचे डोळे उघडले. पहिल्या दिवशी त्यांनी आईला पाहिले, मग वाडी पाहिली, मग आपले घड्याळ उन्हात धरून फार वेळ पाहिले. “चाचांना सांग, सगळ्या रेघा वाकड्या काढल्यात तुमच्या माणसानं.” थोड्या वेळाने त्यांनी माझ्याकडून ती पुडी मागून घेतली. जुन्या काचेवरचा जुना, फिकट ठिपका अंगठ्याने चाचपला आणि पुडी शिट्टीच्या डबीत ठेवली. घड्याळ मात्र त्यांनी परत रंगवायला दिले नाही. सुपारी वाळत घातली की ते अजून त्यावरच वेळ लावतात, आणि पुढच्या नवमीला आई ते घासणार आहे.

माझ्या घड्याळावरचा ठिपका मी पुसलेला नाही. तो आजही चुकीच्या तबकडीवर आहे. वर्गात मुले परीक्षेचा पेपर लिहीत असतात, सगळीकडे फक्त पेनांचा आवाज असतो, आणि माझ्या मनगटावर दर मिनिटाला एकदा काटा ठिपक्याखाली शिरतो. दर मिनिटाला एक अर्धा डाव संपतो. परवा तर पर्समध्ये शिट्टी आहे का ते मी चाचपून पाहिले.